फोन बाहेर काढा, चार मिनिटांसाठी

“समजलं ना सगळ्यांना?” हा प्रश्न शिक्षक रोज विचारतात आणि त्याचा उपयोग काहीच नसतो. उत्तर ठरलेलं. चोपन्न गळ्यांतून एकच सूर, “हो बेन!” बडोद्यात मराठी घरातली मुलंही शाळेत बाईंना बेनच म्हणतात. दांडिया बाजारातली जी मुलगी भाजीच्या गाडीपाशी भेटली की माझ्याशी अस्सल कोकणस्थी मराठीत बोलते, तीच वर्गात हात वर करून म्हणते, “बेन, एक डाउट छे.” पण ती हात वर करणाऱ्यांतली आहे. तसे वर्गात पाच-सहा असतात, पहिल्या दोन बाकांवर. बाकीचे अठ्ठेचाळीस “हो बेन” म्हणतात, वहीत खाली बघतात, आणि त्यांच्या डोक्यात नेमकं काय चाललंय हे मला पेपर तपासताना कळतं. तोवर धडा संपून तीन आठवडे झालेले असतात.

वर्गात मोबाईल वापरावा का, या वादात दोन्ही बाजूंना बोलायला भरपूर आहे. माझे सासरे म्हणतात, “आधीच दिवसभर त्यात डोकं घालून बसतात, आता शाळेतही तुम्हीच द्या हातात!” त्यांचं चुकतंय असं मला वाटत नाही. पण त्या अठ्ठेचाळीस डोक्यांत एका मिनिटात डोकवायचं असेल, तर फोन हे बरं साधन आहे. कसं ते सांगते. कधी नाही, तेही.

अकरावीला गती शिकवताना मी एक प्रश्न फळ्यावर लिहिते. दगड सरळ वर फेकला. सगळ्यात उंच जागी पोचला, त्या क्षणी त्याचं त्वरण, म्हणजे वेग बदलण्याचा दर, किती? एक, शून्य. दोन, खाली ९.८. तीन, वर ९.८. चार, सांगता येत नाही. आकडेमोड काहीच नाही. तोंडी विचारलं तर पहिल्या बाकावरून “खाली ९.८” असं येतं, मी “शाबास” म्हणते आणि पुढे जाते. सगळ्यांना येतंय असं मला वाटतं. आपल्याला येत नाही हे सगळ्यांपासून लपलं, म्हणून वर्गही खूश.

तोच प्रश्न फोनवर, नाव न दाखवता, दीड मिनिट देऊन विचारला तेव्हा भिंतीवर चार पट्ट्या उमटल्या. सगळ्यात लांब पट्टी होती “शून्य”. निम्म्याहून जास्त वर्ग. वर्गात आधी शांतता, मग कुजबुज, मग मागून कोणीतरी, “अरे, म्हणजे मी एकटाच नव्हतो!” मला तर हे वाक्य त्या तासाची कमाई वाटलं. दगड क्षणभर थांबतो, म्हणजे वेग शून्य होतो. पण पृथ्वीची ओढ थांबत नाही, त्वरण खाली ९.८ च राहतं. मुलं वेग आणि त्वरण यांची गल्लत करतात. पुस्तकात हे लिहिलेलं असतं, मीही सांगितलेलं असतं. पण आपण चुकलोय हे ज्याला ठाऊकच नाही, त्याच्या कानावरून ते वाक्य नुसतं सरकून जातं.

आता खरी मेख. पट्ट्या दिसल्या की बरोबर उत्तर सांगायचं नाही. शिक्षकाची जीभ इथे फार वळवळते, पण दातांखाली धरायची. मुलांना सांगायचं, शेजाऱ्याचं उत्तर तुमच्यापेक्षा वेगळं असेल तर त्याला पटवा. तीन मिनिटं. वर्गाचा मासळीबाजार होतो आणि होऊ द्यायचा. एक मुलगा शेजाऱ्याला म्हणत होता, “त्वरण शून्य असेल तर दगड तिथेच लटकून राहील ना, पडेल कशाला?” हे वाक्य मला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं. मग पुन्हा मत घ्यायचं. दुसऱ्या फेरीत बरोबर उत्तराची पट्टी बहुतेक वेळा चांगलीच लांब होते, आणि मग मी बोलते, दोन मिनिटं.

ही युक्ती माझी नाही. हार्वर्ड विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवणारे एरिक माझूर १९९१ पासून ती वापरत आले. त्यांची गोष्ट कुठल्याही शिक्षकाला टोचावी अशी आहे. त्यांचे विद्यार्थी अवघड गणितं सोडवत होते, त्यांच्या शिकवण्याला चांगले शेरे देत होते. मग त्यांनी साध्या शब्दांतली एक चाचणी दिली, जड ट्रक आणि हलकी गाडी यांची टक्कर झाली तर कोण कोणावर जास्त बल लावतं, या धर्तीची. एका विद्यार्थिनीने विचारलं, उत्तर तुम्ही शिकवलं तसं लिहू की मला वाटतं तसं? निकाल लागल्यावर कळलं की गणितं सुटत होती पण कल्पना मुळातच बसल्या नव्हत्या. त्यानंतर त्यांनी तास प्रश्नांभोवती बांधला. आधी एकट्याने मत, मग शेजाऱ्याशी वाद, मग पुन्हा मत. त्यांच्या अनुभवाप्रमाणे पहिल्या फेरीत साधारण ३० ते ७० टक्के उत्तरं बरोबर आली तर चर्चेला रंग चढतो. त्याहून कमी असतील तर वर्गात कोणालाच धड माहीत नाही, आंधळा आंधळ्याला वाट दाखवणार. मग पुन्हा शिकवायचं. त्याहून जास्त असतील तर वेळ न दवडता पुढे जायचं.

यात एक गोष्ट लक्षात घ्या. त्यांनी सुरुवात फोनने केली नव्हती. आधी हात, मग अक्षरं लिहिलेली कार्डं, मग टीव्हीच्या रिमोटसारखी बटणांची यंत्रं. फोन त्या रांगेत फार उशिरा आला. म्हणून कोणी “अमुक ॲप घ्या, मुलं रमतील” असं सांगायला लागलं की मी विचारते, प्रश्न कुठला विचारणार? प्रश्न फुसका असेल तर महागडा फोनही तो फुसकाच विचारतो.

आता यंत्रणा आतून कशी चालते ते पाहू, कारण शाळेत अडतं ते तिथेच. कहूट, मेंटीमीटर, गूगल फॉर्म यांची नावं तुम्ही ऐकली असतील. रूपं वेगळी, मूळ एकच. शिक्षकाच्या लॅपटॉपवर प्रश्न उघडला की तो दूरच्या सर्व्हरवर एक खोली उघडतो आणि त्या खोलीला आकड्यांचा क्रमांक (गूगल फॉर्मला दुवा) मिळतो. मुलं फोनवर तो क्रमांक टाकतात किंवा क्यूआर कोड स्कॅन करतात, म्हणजे त्या खोलीत शिरतात. बोट टेकवलं की “क्रमांक अमुक, पर्याय दोन” एवढीच चिठ्ठी सर्व्हरकडे जाते आणि तो मोजणी करून पट्ट्या माझ्याकडे धाडतो. उत्तराची चिठ्ठी अगदी किरकोळ असते, एखाद्या ‘गुड मॉर्निंग’च्या फुलाच्या चित्रापुढे तर काहीच नाही. त्यामुळे डेटा संपेल ही भीती फोल. अडतं ते वायफायच्या राउटरवर. घरी वापरायचा राउटर थोड्याच फोनांसाठी असतो. पन्नास फोन एकदम दारात उभे राहिले की तो गुदमरतो आणि निम्म्या मुलांच्या स्क्रीनवर नुसतं चक्र फिरत राहतं. पहिल्यांदा मी तेच केलं. अठरा मिनिटं गेली आणि एकही प्रश्न झाला नाही. आता दर बाकाला एकच फोन.

हा नाइलाजाने काढलेला तोडगा होता, पण तोच बरा ठरला. एका फोनवर दोघांना एकच उत्तर द्यायचं म्हटल्यावर दोघांना बोलावंच लागतं. शिवाय ज्याच्याकडे फोन नाही, किंवा ज्याच्या फोनची काच तडकून कोळ्याचं जाळं झालेलं आहे, तो वेगळा पडत नाही. फक्त एक करते, फोन ज्याचा, बोट दुसऱ्याचं. नाहीतर फोनवालाच साहेब होऊन बसतो.

आणि एकही फोन मुलांच्या हातात नको असेल तरी काम होतं. प्लिकर्स म्हणून एक सोय आहे. प्रत्येक मुलाला कागदाचं एक कार्ड, त्यावर काळ्या चौकटींची वेडीवाकडी आकृती, प्रत्येकाची निराळी. कार्डाच्या चार बाजूंना बारीक अक्षरात ए, बी, सी, डी. तुमचं उत्तर ज्या बाजूला आहे ती बाजू वर करून कार्ड धरायचं. शिक्षकाने स्वतःचा फोन वर्गावरून शांतपणे फिरवला की कॅमेरा एकेक आकृती ओळखतो. आकृतीवरून मूल कळतं, ती कशी फिरवलेली आहे त्यावरून उत्तर. मोठ्या संचात ६३ कार्डं असतात, म्हणजे आपला भरगच्च वर्गही मावतो. अक्षरं इतकी बारीक असतात की शेजाऱ्याला चोरून बघता येत नाही. प्राथमिकच्या वर्गांना मी हेच सुचवेन.

कार्ड तिरकं-उलटं धरलं तरी कॅमेऱ्याला कसं कळतं, हा प्रश्न मुलं हमखास विचारतात. तेव्हा क्यूआर कोडकडे बोट दाखवा. १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीत मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो मोटारींच्या सुट्या भागांचा हिशेब ठेवायला बनवला. त्याच्या तीन कोपऱ्यांत मोठे चौकोन असतात, चौथ्यात नसतो. त्या रिकाम्या कोपऱ्यावरून कॅमेऱ्याला वरची बाजू कळते. शिवाय तीच माहिती थोडी जादा करून भरलेली असते, त्यामुळे सगळ्यात मजबूत प्रकारात कोडचा सुमारे ३० टक्के भाग डागाळला तरी तो वाचता येतो. म्हणून सेव-उसळवाल्याच्या गाडीवरचा तेलकट, कोपरा फाटलेला कोडसुद्धा पैसे घेतो. हाच चौकोन सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवत असताना रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकात आणला. २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार त्यांना मिळाला आणि दहा लाख डॉलरमधले निम्मे त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर शिक्षकांना वाटून टाकले. २०१७ पासून सुरू असलेल्या ‘दीक्षा’ या सरकारी ऑनलाइन शिक्षण मंचाशी जोडलेले कोड आता अनेक राज्यांच्या पुस्तकांत छापलेले असतात. तुमच्या मुलाच्या पुस्तकात धड्याच्या सुरुवातीला आहे का बघा. असेल, आणि बहुधा एकदाही स्कॅन झालेला नसेल.

तासाच्या सुरुवातीला मागच्या आठवड्यावरचे तीन प्रश्न फोनवर घेणं, हा दुसरा उपयोग. याला परीक्षा म्हणू नका, गुण तर अजिबात देऊ नका. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये एक प्रयोग मांडला. एका गटाने उतारा दोनदा वाचला. दुसऱ्याने एकदा वाचला आणि मग पुस्तक मिटून आठवेल ते लिहिलं. पाच मिनिटांनी विचारलं तर दोनदा वाचणारे पुढे. आठवड्याने विचारलं तर चित्र पालटलं, आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के आठवत होतं, पुन्हा वाचणाऱ्यांना ४२. आपल्याकडे हे आजीला ठाऊक होतं. पाढे म्हणून दाखव म्हणायची, वाच म्हणत नव्हती. फोन इथे फक्त एवढंच करतो की सगळ्यांचे पाढे एकदम ऐकू येतात.

कहूटसारख्या फोनवरच्या प्रश्नांच्या खेळांबद्दल माझं मत थोडं कडवट आहे. संगीत, घड्याळाची टिकटिक, जो आधी दाबेल त्याला जास्त गुण, वर पहिल्या तिघांची नावं. पहिल्या दिवशी वर्ग डोक्यावर घेतला मुलांनी. टोपणनाव घ्यायची मुभा होती, तर “सेवउसळ” आणि “भाकरवडी” यांच्यात अटीतटीची लढत होऊन सेवउसळ जिंकली. मजा आली, खोटं कशाला बोलू. पण नंतर उत्तरं उघडून पाहिली तर बरीच मुलं प्रश्न पूर्ण दिसायच्या आत बटण दाबत होती. विचार करणारी शेवटून तिसरी आली आणि पुढच्या वेळी तिनेही विचार करणं सोडलं. आता वेगाचे गुण मी बंद ठेवते आणि क्रमवारी दाखवत नाही. रंग थोडा उतरला, पण “बेन, पर्याय तीन आणि दोन दोन्ही बरोबर होऊ शकतात का?” असे प्रश्न सुरू झाले. टोपणनावंही बंद, कारण तिसऱ्या दिवशी जे नाव भिंतीवर झळकलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आता सासऱ्यांच्या बाजूने. २०१७ मध्ये अमेरिकेत एका अभ्यासात लोकांना विचार करायला लावणाऱ्या चाचण्या दिल्या. काहींचा फोन टेबलावर उपडा, काहींचा खिशात किंवा पिशवीत, काहींचा दुसऱ्या खोलीत. आवाज सगळ्यांचेच बंद. दुसऱ्या खोलीत फोन ठेवणाऱ्यांची कामगिरी सगळ्यात चांगली. नंतर इतरांनी तोच प्रयोग करून पाहिला तेव्हा प्रत्येक वेळी तेच निघालं असं नाही, त्यामुळे मी त्याला वेदवाक्य मानत नाही. इंग्लंडमधल्या चार शहरांतल्या शाळांचा अभ्यास मला जास्त बोलका वाटतो. फोनबंदी केल्यावर तिथल्या निकालात सुधारणा झाली, आणि सगळ्यात जास्त फायदा झाला तो अभ्यासात मागे पडलेल्या मुलांना. हुशार मुलांना बंदी असली काय, नसली काय, फरक पडला नाही. स्वीडनमध्ये मात्र तसाच अभ्यास झाला तेव्हा फरक सापडला नाही. आणखी एक, २०१३ चा, लॅपटॉपवरचा. तासाला बसून इतर काहीतरी बघणाऱ्याचे गुण घसरले, ते ठीक. पण ज्यांना त्याचा स्क्रीन दिसत होता त्यांचेही घसरले. बिडी एक ओढतो, खोकतात शेजारचे, तसं.

फ्रान्सने २०१८ मध्ये कायदा करून शाळेत फोन बंद केला. युनेस्कोच्या २०२३ च्या अहवालानुसार जगातल्या चारपैकी एकाहूनही कमी देशांत तशी बंदी होती. त्यानंतर ही यादी वाढतच गेली आहे. आपल्याकडचं चित्र ‘असर’ या शिक्षणाविषयीच्या २०२४ च्या ग्रामीण पाहणीत दिसतं. १४ ते १६ वयाच्या मुलांपैकी ८२ टक्क्यांना स्मार्टफोन वापरता येत होता. पण मागच्या आठवड्यात अभ्यासासाठी तो वापरला म्हणणारी ५७ टक्के, सोशल मीडियासाठी ७६ टक्के. म्हणजे फोन चालवायला शिकवायची गरज नाही. तो कधी ठेवून द्यायचा, ते कुठेच शिकवलं जात नाही.

म्हणून माझ्या तासाला फोन येतो कसा आणि जातो कसा, यालाच मी जास्त जपते. दाराच्या मागे प्लॅस्टिकचे खिसे असलेला पडदा टांगलाय, चपला-बूट ठेवायला मिळतो तसला, मंगळबाजारातून आणलेला. खिशांवर बाकांचे क्रमांक. तास सुरू होताना फोन खिशात. “फोन” म्हटलं की दर बाकाचा एक उठतो, आणतो. प्रश्न संपला की “परत” म्हणायचं आणि फोन परत जाईपर्यंत मी तोंड उघडत नाही. पहिल्या आठवड्यात यात फार वेळ गेला. दिवाळीनंतर चाळीस सेकंदांवर आलं. आणि अर्थातच आधी मुख्याध्यापकांची लेखी परवानगी. शाळेचा नियम फोनबंदीचा असेल तर कार्डं आहेतच. नियम मोडून नवेपणा करायला जाऊ नये, पहिला फोन हरवला की नवेपणा आपल्याच गळ्यात येतो.

पालकांनी एक प्रश्न जरूर विचारावा: माझ्या मुलाची कुठली माहिती त्या ॲपला दिली? २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालचा प्रत्येक जण मूल धरलाय, त्याची माहिती घ्यायला पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते, आणि मुलांच्या वागण्यावर पाळत ठेवून जाहिराती दाखवायला मनाई आहे. व्यवहारात सोपा नियम, ॲपमध्ये नाव नाही, मोबाईल नंबर नाही, फोटो नाही. फक्त बाक क्रमांक सतरा. कोण कुठल्या बाकावर बसतं हे माझ्या वहीत आहे, तेवढं पुरतं.

मतं घेणं झालं, पण फोनचा मला सगळ्यात आवडणारा उपयोग वेगळाच आहे. फोन हे मोजण्याचं यंत्र आहे. शाळेच्या प्रयोगशाळेत नसतील इतकी उपकरणं त्यात दडलेली असतात. जर्मनीतल्या आखेनच्या तंत्रविद्यापीठात तयार झालेलं फायफॉक्स नावाचं फुकट ॲप ती उघडून दाखवतं.

आमच्या शाळेच्या लांब ओसरीत दोन फोन पाच मीटरवर ठेवतो. दोन्हीवर ‘आवाजाचं स्टॉपवॉच’ लावतो, म्हणजे मोठा आवाज आला की घड्याळ सुरू, पुन्हा आवाज आला की बंद. पहिल्या फोनजवळची मुलगी टाळी वाजवते. तिचा फोन लगेच सुरू होतो, दुसरा जरासा उशिरा, कारण आवाजाला पाच मीटर जायचंय. मग दुसऱ्या फोनजवळचा मुलगा टाळी वाजवतो. आता त्याचा फोन लगेच थांबतो, आणि पहिला उशिरा. म्हणजे पहिल्याने आवाजाचं जाणं आणि येणं दोन्ही जास्तीचं मोजलं. दोन घड्याळांतला फरक म्हणजे दहा मीटरला लागलेला वेळ. सुमारे २९ हजारांश सेकंद. दहाला त्याने भागा, सेकंदाला ३४५ मीटर. पुस्तकात तीस अंश तापमानाला ३४९ च्या आसपास आहे. दोन घड्याळं एकमेकांशी जुळवलेली नसताना वेग निघतो, ही यातली गंमत मुलांना उशिरा कळते आणि कळली की ती घरी जाऊन आईला दाखवतात. अर्थात बाहेर रिक्षाने हॉर्न दिला की घड्याळं तिथेच सुरू होतात. पहिल्या दिवशी एका गटाचा आवाज विमानापेक्षा धावला तो त्यामुळे.

हे सगळं फोनच्या आत कसं मोजलं जातं? त्वरणाचं उदाहरण घ्या. फोनमध्ये काही मिलिमीटरची एक चिप असते आणि तिच्यात सिलिकॉनचा एक सूक्ष्म तुकडा सिलिकॉनच्याच स्प्रिंगांवर तोलून धरलेला असतो. बस सुटली की उभे असलेले आपण मागे झुकतो, तसा तो तुकडा फोन हलला की मागे राहतो. किती मागे राहिला हे शेजारच्या पट्ट्यांमधल्या विद्युतभाराच्या फरकावरून कळतं. फोन आडवा केला की चित्र फिरतं ते याच तुकड्यामुळे. नुसता टेबलावर ठेवलेला फोन ९.८ दाखवतो, कारण त्या तुकड्याचं वजन स्प्रिंगांवर पडलेलं असतं. फोन हातातून सुटून उशीवर पडेपर्यंत मात्र शून्य. उशीवरच, हे दोनदा बजावून सांगा.

यावरूनच मागच्या हिवाळ्यात मी घरचा अभ्यास दिला, हिंचक्याचा. बडोद्यात झोपाळ्याला मराठी घरातही हिंचकाच म्हणतात, आणि जुन्या घरांत दिवाणखान्यात तो असतोच. काम असं, फोन फडक्यात गुंडाळून फळीवर घट्ट बांधायचा, हिंचक्याला हलका झोका द्यायचा, फळीला काटकोनातल्या दिशेच्या त्वरणाचा आलेख पाहायचा, एका झोक्याचा वेळ काढायचा. त्यावरून हिंचक्याच्या कड्यांची लांबी किती येते ते सांगायचं. सूत्र लंबकाचंच, वेळाचा वर्ग गुणिले ९.८, भागिले ४π².

एका मुलीचा हिंचका निघाला पंचेचाळीस सेंटिमीटरचा. दीड फूट! आलेखावर शिखरं दर १.३५ सेकंदांनी येत होती, गणित बिनचूक होतं. तिच्या आजीने म्हणे वही बघून विचारलं, “आणि मी रोज बसते तो कुठला?” मग आजी हिंचक्यावर बसली, पाय जमिनीला न लावता, आणि मुलीने घड्याळ लावून तोंडाने मोजलं. दहा झोके, सत्तावीस सेकंद. म्हणजे एकाला २.७. लांबी १ मीटर ८१ सेंटिमीटर. टेपने मोजली तर एक-दोन सेंटिमीटरांचा फरक.

दुसऱ्या दिवशी कळलं की निम्म्या वर्गाचे हिंचके दीड फुटाचेच होते. मी फळ्यावर आलेख काढला आणि प्रश्न लिहिला: फोन खोटं बोलत नाही, आजीही खोटं बोलत नाही, मग १.३५ कुठून आलं? एक, फोन घसरत होता. दोन, आजीच्या वजनाने झोका मंदावला. तीन, एका झोक्यात शिखर दोनदा येतं. चार, सूत्र हिंचक्याला लागू नाही.

त्या दिवशी नेमकं नेट गेलं होतं, म्हणून फोन खिशातच राहिले. छातीशी धरून बोटं दाखवा म्हटलं, शेजाऱ्याला दिसणार नाहीत अशी. सगळ्यात जास्त दोन बोटं. मग मासळीबाजार. चौथ्या बाकावरचा एक मुलगा, जो वर्षभरात माझ्याशी तीन वाक्यं बोलला असेल, उठून बाकाच्या कडेला बसला आणि पाय झुलवून शेजाऱ्याला दाखवायला लागला, “खाली येतो तेव्हा फळी बुडाला जोरात लागते ना? जाताना एकदा, येताना एकदा.”

पुन्हा बोटं मागितली. आता तीन बोटं जास्त होती, पण एक जण अजून दोनवरच अडून होता. त्याचं म्हणणं, आजी त्या एकाच मुलीच्या घरी बसली होती, बाकीच्यांनी आजीशिवाय मोजलं, तेव्हा हे सिद्ध कुठे झालं? घंटा झाली. शनिवारी तो स्वतःच्या आजीला बसवून आणि उठवून, दोन्ही मोजून आणणार आहे.